हवापालट कोणाकरितां?

एप्रिल सरत आला, बाजार समितीच्या आवारांतील कापसाच्या गाड्या विरळ झाल्या, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील बऱ्यापैकीं स्थितीच्या घरांतून एकच वाटाघाट सुरू होते: यंदा हवापालटास कोठें जावयाचें? महाबळेश्वर, पचमढी, चिखलदरा, गणपतीपुळें अशीं नांवें निघतात. व्याह्यांकडील कोणी गतवर्षीं काश्मीरास जाऊन आला असला तर तेंही नांव पुढें येतें, व त्याच्या मागोमाग खर्चाचा आंकडा येऊन तें मागें पडतें. अखेर वडील माणसें निकाल देतात, गाडी ठरते, खोल्या ठरतात. या सर्व वाटाघाटींत दोन जीवांचें मत कोणी घेत नाहीं, आणि निकालाचा भार मात्र त्याच दोघांवर सर्वांत अधिक पडतो. त्यांपैकीं एकास बोलतां येत नाहीं, कारण त्याचें वय दीड-दोन वर्षांचें असतें. दुसरीस बोलतां येतें. परंतु तिनें बोलावें अशी आमच्या घरांची रीत नाहीं. ती त्या मुलाची आई होय.

लोकांच्या सफरीच्या बेतांत वर्तमानपत्रानें कां पडावें, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक करतील. आमचें उत्तर असें कीं, मोठ्या माणसाची सफर फसली तर त्याचे पैसे जातात व चार दिवस चिडचिड होते. दोन वर्षांच्या मुलाची फसली तर प्रसंग जिवावर येतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशें मीटर उंचीच्या पठारावर आहे, म्हणून वर्धा-चंद्रपुराच्या मानानें आपण थोडे सुखी, असें म्हणण्याची आपणांस संवय आहे. पण मे महिन्यांत येथेंही पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा लागला कीं भर दुपारीं रस्त्यावर कुत्रेंही दिसत नाहीं. अशा दिवसांत मांडीवरचें पोर घेऊन दोनशें, चारशें, सातशें किलोमीटर जावयाचें, तर त्याचा हिशेब दुकानाच्या खतावणीइतक्याच काळजीनें मांडला पाहिजे. तो तसा मांडलेला आम्हीं फारसा कोठें पाहिला नाहीं.

लहान मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठा, म्हणून बाहेरची उष्णता त्याच्या अंगांत लवकर शिरते. त्याला घाम आपल्यापेक्षां कमी येतो, म्हणून ती बाहेर टाकणें त्याला कठीण जातें. आणि तहान लागली हें त्याला धड सांगतां येत नाहीं, सांगतां आलें तरी पेला दुसऱ्याच्या हातीं असतो. तोंड कोरडें पडणें, रडतांना डोळ्यांत पाणी न येणें, तासन् तास लघवी न होणें, डोळे खोल जाणें, आणि सरतेशेवटीं रडणेंच थांबून मूल मलूल पडणें, हीं अंगांतील पाणी आटल्याचीं लक्षणें होत. यांतील शेवटचें लक्षण सर्वांत धोक्याचें. आणि गाडींत बसलेल्या वडील माणसांना नेमकें तेंच सर्वांत सुखाचें वाटतें.

हें आम्ही पुस्तकें वाचून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच घरचीं माणसें मेच्या दुसऱ्या आठवड्यांत चिखलदऱ्यास निघालीं. नातू सोळा महिन्यांचा. बेत आम्हींच केला होता, आणि सून मध्येंच कांहीं बोलूं पाहत होती तें 'उगाच घाबरूं नये' म्हणून आम्हींच मिटविलें होतें. सकाळीं सहाला निघावयाचें ठरलें. प्रत्यक्षांत पूजा, डबे आणि शेजारीं किल्ली देणें यांत साडेदहा वाजले. नेर गेलें, अमरावती मागें पडली. उन्हानें तापलेल्या गाडींतील एसी केव्हांच दमला होता. मूल अमरावतीपासून रडत होतें. परतवाड्याच्या अलीकडे तें गप्प झालें, तेव्हां पुढच्या आसनावर बसलेले आम्ही म्हणालों, "झोंपला, बरें झालें." मागून सून म्हणाली, "मामाजी, हा झोंपला नाहीं." तिचा तो आवाज आम्हीं त्यापूर्वीं कधीं ऐकला नव्हता. परतवाड्यांत एका डॉक्टरांनीं मुलाला तीन तास ठेवून घेतलें व चमच्या-चमच्यानें जलसंजीवनीचें पाणी पाजविलें. दिवेलागणीच्या सुमारास मुलाला लघवी झाली, तेव्हां डॉक्टरांनीं आमच्याकडे नव्हे, सुनेकडे पाहून मान हलविली. घाट दुसऱ्या दिवशीं पहाटे चढलों. मधली रात्र परतवाड्याच्या लॉजमध्यें आम्हीं जागून काढली, आणि त्या रात्रीं जो हिशेब मनांत मांडला तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं उंची पाहूं, कारण थंड हवेच्या ठिकाणाची प्रतिष्ठा तिच्यावरच उभी असते. हजार मीटर चढल्यास हवा साधारण साडेसहा अंशांनीं उतरते, असा शास्त्राचा ढोबळ नियम आहे. चिखलदरा १,११८ मीटरांवर आहे; म्हणजे यवतमाळाहून पावणेसातशें मीटरांच्या आसपास उंच. याचा अर्थ असा कीं, येथें ४३ अंश असतां तेथें ३८-३९ असण्याचा संभव. रात्रीचा गारवा आणि झाडीचा आसरा हा त्यावरचा लाभ. तो लाभ खरा आहे. पण दुपारच्या बाराला मूल डोक्यावर टोपडें न घालतां कड्यावर फिरवावें इतकें तें थंड नव्हे. पचमढीचा डोल मोठा, आणि ती सुंदर आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि तिची उंची १,०६७ मीटर, म्हणजे चिखलदऱ्याहून थोडी कमीच, आणि नागपूर-छिंदवाड्यावरून तेथें पोंचण्यास यवतमाळकरांस साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक रस्ता काटावा लागतो. चिखलदऱ्यास याच्या निम्मा पुरतो. महाबळेश्वराची गोष्ट वेगळी. तें साडेतेराशें मीटरांवर आहे व पश्चिम समुद्राचे वारे त्यास लागतात, म्हणून तेथील थंडावा खरोखरीच मोठा आहे. परंतु सातशें किलोमीटरांच्या वर जाणें आणि तितकेंच येणें, तें वैशाखांत, विदर्भ आणि मराठवाडा उभा चिरून! चार दिवसांच्या सुटींतील दोन दिवस भट्टींत काढून उरलेले दोन दिवस गारव्यांत काढण्यास हवापालट म्हणावयाचें असेल तर म्हणावें. मोठ्यांस तें मानवेल. दोन वर्षांच्या मुलाच्या खात्यावर मात्र हा व्यवहार तोट्याचा आहे.

रेल्वे असती तर हा हिशेब कांहींसा बदलला असता, कारण आगगाडींत मुलाला उठतां-बसतां येतें, डब्यांत चार पावलें टाकतां येतात, आईला पाठ टेंकतां येते. यवतमाळाहून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' मंद होती, थट्टेचा विषय होती, पण ती होती. ती आतां बंद पडली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. मोठ्या मार्गाच्या गाडीसाठीं धामणगांव, बडनेरा किंवा वर्धा गांठणें, ही यवतमाळकरांची जुनीच वहिवाट. लांबच जावयाचें असेल तर त्या स्टेशनांवरून रात्रीची गाडी धरावी आणि दिवसाचें ऊन चुकवावें. मुलाला मांडीवर घेऊन मोटारीनें दिवसभर धांवणें हा सर्वांत वाईट मार्ग, आणि आजकाल सर्वांत आवडता.

कोंकणाविषयीं एक गैरसमज येथें दूर करणें अवश्य आहे. "तेथें पारा तेहतीस-चौतीसच असतो, मग काय हरकत?" असें विचारणारे पुष्कळ. हरकत हवेंतील ओलाव्याची आहे. घाम वाळला तर अंग निवतें. दमट हवेंत तो वाळत नाहीं. आमच्या घरांतील वाळ्याचा कूलर उन्हाळ्यांत खोली गार करतो तो आमची हवा कोरडी आहे म्हणून. तोच कूलर मे महिन्यांत रत्नागिरीस नेऊन लावा, तो नुसता भिजका वारा फेंकील. ज्या मुलानें जन्मल्यापासून कोरडी हवाच पाहिली, त्यास कोंकणांत घामोळ्यांनीं आणि चिडचिडीनें पहिले चार दिवस जातात, आणि पांचव्या दिवशीं आपली परतीची गाडी असते. समुद्र मुलाला दाखवावा, अवश्य दाखवावा. पण तो पौषांतही तेथेंच असतो.

पौषाची गोष्ट निघाली म्हणून देवदर्शनाविषयीं दोन शब्द. आमच्या भागांतील पुष्कळ घरांचें कुलदैवत माहूरची रेणुका. मुलाचें जावळ देवीपुढें काढावयाचें, आणि सर्वांस सुटी मिळते म्हणून तें मे महिन्यांत काढावयाचें, असा परिपाठ पडला आहे. तापलेल्या पायऱ्या, दर्शनाची रांग, भोंवतालची गर्दी, आणि त्यांत नुकतेंच केंस उतरविलेलें उघडें डोकें! आमची श्रद्धेशीं तक्रार नाहीं. पण जी माता म्हणवते ती लेंकराच्या डोक्यावर वैशाखाचें ऊन मागते, असें मानणें हा तिचाच अपमान आहे. हेंच जावळ मार्गशीर्षांत काढल्यास देवीचा कोप होईल असें आम्हांस कोणत्याही भाविक म्हातारीनें आजवर सांगितलेलें नाहीं, उलट जिला जिला विचारलें ती ती म्हणाली, "तेंच बरें."

दुसरी हौस व्याघ्रदर्शनाची. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वर अभयारण्य हें आमच्या जिल्ह्याचें भूषण आहे. साधारण १४८ चौरस किलोमीटरांच्या त्या जंगलांत पाणवठे आटूं लागले कीं वाघ दिसण्याचा संभव वाढतो, म्हणून उन्हाळ्यांत तेथें गर्दी होते. परंतु उघड्या जिप्सींत तीन-चार तास गप्प बसणें हें दोन वर्षांच्या मुलाकडून कोणी अपेक्षूं नये. त्याला वाघ आणि शेजारच्या घरचें मांजर यांत मोठेंसें अंतर वाटत नाहीं; मांजर तर हाताशीं येतें. टिपेश्वर त्याच्या दहाव्या वर्षासाठीं राखून ठेवावें.

आतां चिखलदऱ्याकडे येऊं, कारण रस्त्याच्या मापानें यवतमाळकरांस तेंच जवळ, आणि विदर्भाचें म्हणण्यासारखें थंड हवेचें ठिकाणही तेंच. हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन यानें १८२३ सालीं तें हेरलें असें सांगतात. पुढें १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, तेव्हां उन्हाळ्यांत अधिकारी मंडळी या पठारावर चढूं लागली. तेथें कॉफीही लावली गेली व ती अद्याप पिकते. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. त्या लोकांना आपलीं मुलें सपाटीवरच्या उन्हाळ्यांत दगावतील याची धास्ती होती, म्हणून त्यांचीं बायकामुलें डोंगरावर जात तीं आठवड्याच्या शेवटीं दोन रात्रींसाठीं नव्हे, तर महिना-दोन महिन्यांसाठीं. आपण त्यांचें ठिकाण उचललें, बंगल्यांचीं नांवें उचललीं, 'पॉइंट' हा शब्द उचलला. मुक्काम मात्र उचलला नाहीं. शनिवारीं जाऊन सोमवारीं परत येणाऱ्या कुटुंबाचें मूल दोन दिवस रस्त्यावरच्या उन्हांत असतें आणि मधला एक दिवस थकव्यानें किरकिरत असतें. सहा-सात रात्रींचा मुक्काम करण्याची सोय नसेल तर इतक्या लहान मुलास मे महिन्यांत घरांतून हलवूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. साध्या खोलींत सात रात्री काढाव्या. उंची हॉटेलांतील दोन रात्रींहून त्या बहुधा स्वस्तही पडतात.

खोली ठरवितांना आपले लोक दृश्य विचारतात, न्याहारी फुकट आहे काय तें विचारतात. विचारावयास पाहिजे तें निराळेंच. नळाला पाणी किती वेळ असतें? वीज गेली तर पंखा चालतो काय? मध्यरात्रीं मुलाला ताप आला तर डॉक्टर किती दूर? मऊ भात आणि वरण बिनतिखटाचें करून देतील काय? खोलीच्या बाहेर पायऱ्या आहेत कीं कठडा, आणि कठडा असल्यास त्याच्या गजांतून मूल निसटण्याजोगें आहे काय? चिखलदऱ्यास घाट चढण्यापूर्वीं परतवाडा-अचलपूर लागतें. डॉक्टर, औषधें, चांगलें दूध हें सर्व तेथें पाहून ठेवावें.

पाण्याचा प्रश्न विचारतांना आणखी एक गोष्ट मनांत ठेवावी लागते. ज्या डोंगरावर आपण आपल्या मुलाच्या प्रकृतीसाठीं चढतों, तो मेळघाटाचा डोंगर आहे. याच चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत १९९३ सालीं कोरकूंचीं मुलें कुपोषणानें एवढीं दगावलीं कीं सर्व महाराष्ट्र हादरला; आणि प्रश्न अजून संपलेला नाहीं. बैरागडासारख्या आडगांवीं डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्यांस २०१९ मध्यें पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजविल्या. परंतु अलीकडच्या उन्हाळ्यांतही या तालुक्यांतील कित्येक गांवांस टँकरनें पाणी पोंचवावें लागतें, हें खोलींतील बादली भरभरून उपसणाऱ्या पाहुण्यास ठाऊक नसतें. यवतमाळकरांस तरी तें सांगण्याची गरज पडूं नये. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा आणि चापडोह दोन्ही आटलीं, तेव्हां पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहणारीं माणसें आपणच होतों. त्या वर्षीं कोणी पाहुणा येऊन आपल्या पाण्यांत मोटार धुऊं लागला असता तर आपण त्यास काय म्हटलें असतें?

एवढा सगळा विचार करून कित्येक घरांस असें आढळून येईल कीं, ज्या ठिकाणाचा शोध चालला आहे तें यादींत नव्हतेंच. तें म्हणजे मुलाचें आजोळ. तेथील विहीर, आमराई, जाड भिंतींचें जुनें घर, आणि मुख्य म्हणजे मुलाला आळीपाळीनें उचलून घेणारे आठ-दहा हात. आजोळ दारव्ह्यास असो, पुसदला असो, कीं वणीस असो. तेथें गारवा कमी असेल, परंतु आईला दुपारीं दोन तास झोंप मिळेल. हें वाचून कांहीं सासरे व नवरे नाक मुरडतील याची आम्हांस कल्पना आहे. 'ती माहेरीं गेली म्हणजे आमची सुटी कशी होणार?' तर त्यांनींही जावें. जांवयानें सासुरवाडीस आठ दिवस राहिल्यानें त्याची प्रतिष्ठा उणी होते, ही समजूत ज्या काळांत शोभत असेल तो काळ गेला. एखाद्या सकाळीं कळंबास चिंतामणीच्या दर्शनास जावें. जमिनीच्या पातळीखालीं असलेल्या त्या देवळांत शिरतांच अंगास लागणारा गारवा मुलालाही आवडतो.

काळाविषयींही तेंच. दोन वर्षांच्या मुलाला शाळा नाहीं, मग सुटी तरी मे महिन्यांतच कां? याचें उत्तर आमच्या व्यापारी वाचकांजवळ तयार आहे व तें खरेंही आहे: दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत कापसाचा हंगाम, तेव्हां गादी सोडतां येत नाहीं, शिवाय थोरल्या मुलांची शाळा. पण विदर्भांतील शाळा उन्हामुळें उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, ही सवलत आपण वापरतों काय? मृगाचा पाऊस वेळेवर पडला तर जूनच्या मध्यानंतरचा आठवडा हवा उतरलेली, गर्दी ओसरलेली, खोल्या स्वस्त. बियाणें-खतांच्या दुकानदारांस हा आठवडा जमणार नाहीं, हें उघड आहे. कापडवाल्यांस, सराफांस, वकिलांस, शिक्षकांस कां जमूं नये तें आम्हांस समजत नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. हवापालट कोणाचा? चिखलदऱ्याच्या त्या मुक्कामांत आम्ही रोज संध्याकाळीं कड्यांवर जाऊन बसत होतों व येणारीं कुटुंबें न्याहाळीत होतों. पुरुषांच्या हातांत मोबाईल, बायकांच्या कडेवर मुलें. हें चित्र इतक्या वेळां दिसलें कीं पुढें आम्हीं तें पाहणेंच सोडलें. कित्येक घरांतील आया तर कड्यापर्यंत आल्याच नव्हत्या. त्या खोलींत होत्या. कोणी मुलाचे कपडे पिळीत होती, कोणी परक्या शेगडीवर दूध ऊन करीत होती. घरीं निदान सासू असते, कामाला येणारी बाई असते, ओळखीचें स्वयंपाकघर असतें. येथें तेंही नाहीं. म्हणजे सर्वांची सुटी होते ती तिच्या कामांत भर पडूनच. आमच्या घरीं दुसऱ्या वर्षापासून एक नेम केला आहे, तो आम्ही सांगूं, कोणास हंसावयाचें असल्यास हंसो: मुक्कामांत सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मूल बापाचें. न्हाऊं-माखूं घालणें, भरविणें, शी-शू काढणें, सर्व. पहिल्या दिवशीं चिरंजीवांनीं मुलाला उलटें झबलें घातलें. चौथ्या दिवशीं मूल त्यांच्याकडून आईकडे जाईना. सुनेनें त्या आठवड्यांत एक कादंबरी वाचून संपविली; लग्न झाल्यापासूनची ती तिची पहिली.

आणि ठिकाण ठरविण्याची रीतही आम्हीं पालटली आहे. यादी करावी, खर्च मांडावा, अंतरें लिहावीं, आणि कागद मुलाच्या आईपुढें ठेवावा. ज्या नांवावर ती काट मारील त्याची चर्चा होत नाहीं. यांत आमचा मोठेपणा नाहीं. परतवाड्याच्या रस्त्यावर जिनें मुलाची झोंप आणि मुलाची ग्लानि यांतील भेद ओळखला, तिच्या हातीं हा अधिकार पूर्वींच असावयास पाहिजे होता.

ज्यांचा बेत याच आठवड्यांत ठरला आहे त्यांच्यासाठीं कांहीं बारीक गोष्टी. पहाटे चारला निघावें. चारला म्हणजे चारलाच, पूजा आदल्या रात्रीं. अमरावतीस सहाच्या आधीं, परतवाड्यास सातच्या सुमारास पोंचतां येतें, आणि ऊन चढण्यापूर्वीं घाट संपतो. मुलाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसूं नये. मागें त्याच्या मापाचें वेगळें आसन बांधावें. दर दीड तासानें थांबावें. घाटाच्या आधीं पोटभर दूध पाजूं नये, तें वळणांवर बाहेर येतें. अंगावर पिणारें मूल असल्यास आईला सावकाश बसतां येईल अशी जागा आधींच हेरावी, कित्येक एस. टी. स्थानकांवर यासाठीं हिरकणी कक्ष आहेत, आणि एस. टी. नें जाणाऱ्यांस १७ मार्च २०२३ पासून बायकांचें तिकीट अर्धें व पांच वर्षांखालील मूल फुकट, हाही लाभ थोडा नव्हे. ओआरएसच्या चार पुड्या पिशवींत असाव्या. एक पुडी एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत, अर्धी पुडी अंदाजानें नव्हे. पुडी नसल्यास लिटरभर पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मुलाचें अंग चटका बसण्याइतकें तापून तें भ्रमल्यासारखें करूं लागलें किंवा त्याला झटके आले, तर कपडे काढून ओल्या फडक्यानें अंग पुसत, वारा घालीत थेट रुग्णालय गांठावें. अशा वेळीं तोंडांत पाणी ओतूं नये. ज्या मुलास सिकलसेलचा आजार आहे, व आमच्या विदर्भांत अशीं मुलें पुष्कळ आहेत, त्याच्या आईबापांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणतीही सफर ठरवूं नये. पाणी कमी पडल्यास त्याला वेदनेचा झटका येऊं शकतो. आणि चहापुरते दोन मिनिट म्हणून मुलाला बंद मोटारींत झोंपलेलें ठेवून कोणीही उतरूं नये. उन्हांतील बंद मोटार दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनीं तापते, आणि चहा दोन मिनिटांत कधींच होत नाहीं.

वर पोंचल्यावर पहिला दिवस खोलीच्या सावलींत जाऊं द्यावा. मुलाला नवी खाट, नवी भिंत, नवे पक्षी एवढें पुष्कळ असतें. भीमकुंड दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें, आणि तेव्हां मूल बापाच्या कडेवर असावें.